सोसायटीला सासवडजवळच्या माळावर ५०० झाडं लावायचीत, कसं समजावू? (माळरान, लांडगे, चिंकारा)

कर्वेनगरवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायला लागतंय कारण येत्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे आणि त्याआधी मला नीट मुद्दे हवेत. झालंय असं की यंदाच्या पावसाळ्यात सासवडच्या पुढे एका गावच्या गायरानावर ५०० झाडं लावायची असं कमिटीने ठरवलंय. जेसीबी, रोपं, टँकर सगळ्याचं कोटेशन आलंय, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत, आणि जागेचा जो फोटो टाकलाय तो एप्रिलमधला, म्हणजे पिवळं गवत, मधे दोनचार हिवराची झाडं, लांबवर बोडका डोंगर, आणि खाली लिहिलंय "ओसाड जमीन हिरवी करूया".

ती जागा मला माहितीये. गेल्या डिसेंबरात मी आणि भाऊ पहाटे मोरगावला चाललो होतो, चहाला थांबलो तर त्याच माळावर पाच चिंकारा, त्यातली एक मादी आणि तिच्या पायात घोटाळणारं पिल्लू. चहावाले म्हणाले मागच्या अंगाला लांडग्याचं जोडपं पण आहे, रात्री ओरडतात. मी एवढा वेळ पुण्यात राहतेय आणि तासाभरावर लांडगे आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं!

आणि मी स्वतः पण हेच केलंय. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या वृक्षारोपणात सुप्याच्या बाजूला गेले होते, टीशर्ट घालून फोटो काढले, माझ्या हाताने सात रोपं लावली, खूप छान वाटलं होतं. डिसेंबरच्या त्या फेरीत मुद्दाम तिकडे वाकडी वाट करून गेले. रांगेत खड्डे, खड्ड्यात वाळलेल्या काड्या, रोपांच्या काळ्या पिशव्या अजून तशाच, आणि खड्ड्यांच्या मधली माती उकरल्यामुळे तिथे पूर्वीचं गवत नाही, नुसतं गाजर गवत माजलेलं. आधी होतं ते गेलं आणि नवीन काही आलं नाही. ते बघून घशात आवंढा आला.

तर मला मीटिंगमध्ये हे कसं सांगू? "झाडं लावू नका" म्हटलं की लोक आपल्याकडे वेड्यासारखे बघतात.

निवृत्त_अभियंता

ताई, राग मानू नका पण मला हे पटत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातोय, आम्ही लहान असताना लक्ष्मी रोडला पंखा लागत नव्हता. अशा वेळी कुणी पदरचे पैसे घालून झाडं लावतोय तर त्याला अडवायचं? चार रोपं मरतील, दहा जगतील. माळावर आहे काय, कुसळं आणि दगड.

पहाट_पक्षी

काका, तुमची कळकळ कळते पण "माळावर आहे काय" याचं उत्तर जरा सविस्तर देतो, पंधरा वर्षं दर रविवारी तिकडेच असतो मी.

पुणे जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला ताम्हिणी, मुळशी, भीमाशंकर, तिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे जंगल आहे, शेकरू आहे, ते असायलाच हवं. आता तिथून पूर्वेला या, पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला पाचशे मिमीच्या आसपास पाऊस, खाली वीतभर माती आणि मग मुरूम. इथे निसर्गानेच गवत लावलंय, कुणी जंगल तोडून माळ झालेला नाहीये (काही ठिकाणी तोड झाली असेल, पण सगळा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल हा समज चुकीचा आहे). या गवतात माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल हे सगळे पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे दोन दगडांमधला खळगा फक्त. त्यांचा सगळा बचाव कशावर तर लांबवर दिसण्यावर. तिथे तुम्ही झाडांची रांग उभी केली की कावळे आणि शिकारी पक्षी यांना बसायला जागा मिळते आणि त्या वर्षीची पिल्लं संपतात. थंडीत मध्य आशियातून भोवत्ये (एक जातीचे शिकारी पक्षी) येतात, ते रात्री झाडावर नाही तर उंच गवतात जमिनीवर झोपतात. चिंकाराचं पण तेच, तो पळून जीव वाचवतो, त्याला मोकळं लागतं.

आणि जेसीबी. सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणतात ते) मारताना लांडग्याचं, खोकडाचं बीळ मधे आलं तर जेसीबीवाल्याला ते कळत पण नाही. लांडग्यांची पिल्लं साधारण थंडीत होतात, पण बीळ वर्षानुवर्षं तेच वापरलं जातं.

लांडगा सगळ्या देशात मिळून तीन हजारांच्या आसपास उरलाय. वाघाएवढाच दुर्मिळ. वाघासाठी व्याघ्र प्रकल्प आहेत आणि लांडग्यासाठी काय, तर सोसायटीचं कोटेशन.

निवृत्त_अभियंता

तीन हजार हे माहीत नव्हतं. पण मग सरकारच का लावतं माळावर झाडं?

सातबारा

कारण कागद. मी महसूल खात्याच्या कामाशी संबंधित आहे, जास्त सांगत नाही. माळाची नोंद बघा, पोटखराबा (म्हणजे लागवडीला न येणारी जमीन), गायरान, पडीक. देशपातळीवर जो पडीक जमिनींचा नकाशा निघतो त्यात पण असे गवताळ भाग जातात. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही केलं तरी ते सुधारणाच ठरते, मग ते एमआयडीसी असो, सोलर असो, प्लॉटिंग असो नाहीतर झाडं. राज्यात २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी असं मिळून ५० कोटी झाडांचं टार्गेट होतं, आता एवढी झाडं लावायला मोकळी जागा कुठे मिळणार, जंगलात झाडं आहेतच, शेतकरी शेत देणार नाही, राहिला माळ. खालच्या माणसाला आकडा भरायचा असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

माळढोकचं काय झालं ते आपण बघितलंच. नान्नजचं अभयारण्य १९७९ ला जाहीर झालं, कागदावर ८,४९६ चौ. किमी, एवढं मोठं की आत गावंच्या गावं, शेती, रस्ते, साखर कारखाने. लोकांना त्या पक्ष्याचा वैताग आला कारण जमिनीचा व्यवहार करायचा तरी त्याचं नाव आडवं. आज सोलापुरात माळढोक बघायला गेलात तर बोर्ड दिसेल. आपल्याकडे उलट टोक, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, ५.१४ चौ. किमी. सगळं मिळून पाच! चिंकाराला कुठे कळतंय हद्द कुठे संपते, तो संध्याकाळी शेजारच्या हरभऱ्यात.

वेताळ_टेकडी_रोज

शहरातल्या शहरात याचं उदाहरण हवं असेल तर वेताळ टेकडीवर या. मी तीस वर्षं चढतोय. गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी पण म्हणतात, ते मध्य अमेरिकेतलं झाड, टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून लावलं कारण पटकन वाढतं आणि चरणारी गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. आता फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात, लोक सेल्फी काढतात. त्याच्या खाली वाकून बघा, काही उगवत नाही. जिथे गिरिपुष्प नाहीये तिथे अजून पावसाळ्यात गवतात रानफुलं येतात, तितर ओरडतात.

थोडं अवांतर होतंय पण लिहितोच. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा आला होता, आठवतंय ना. सकाळी टेकडीच्या बाजूने भरकटत आला बिचारा. शेकडो लोक मागे, बाइकवाले, मोबाइलवाले, तो घाबरून भिंतींवर आपटत पळत राहिला आणि शेवटी पकडल्यावर मेला. मी त्या गल्लीच्या तोंडाशी होतो. त्याच्या तोंडातून फेस येत होता ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांत बावधनला दुसरा गवा आला, त्या वेळी गर्दी लांब ठेवली आणि तो सुखरूप परत गेला. म्हणजे जमतं आपल्याला. लोकांना काय करायचं ते आधी सांगितलेलं असलं की जमतं.

कर्वेनगरवाली

बापरे, किती माहिती! सगळं वहीत लिहून घेतेय. पण मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येणार की मग गावाला काय मिळणार, झाडांनी निदान सावली फळं मिळतील. गावातलं कुणी आहे का इथे?

मेंढका

मी आहे. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बारामती तालुक्यातला, धनगर, सध्या पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. घरी दीडशे मेंढरं आहेत. दिवाळी झाली की आमचा वाडा (म्हंजे मेंढरं, माणसं, बिऱ्हाड सगळं) घाट उतरून कोकणात जातो, तिकडं भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो, आणि पावसाच्या तोंडाला परत माळावर. हे कधीपासून चालू आहे ते आज्ज्याला पण माहीत नव्हतं.

माळ म्हणजे आमचं ताट आहे. मारवेल, पवन्या, कुसळी कोवळी असताना, तरवडाच्या कडेचं बारीक गवत, प्रत्येकाची वेळ ठरलेली. आता तुम्ही झाडं लावली की काय होतं ते सांगतो, पहिल्यांदा भोवतीनं चर मारतात मग बोर्ड लागतो चराई बंद. पाच वर्षं तिकडं मेंढरू गेलं की दंड. झाडं दोन वर्षांत वाळतात पण बोर्ड राहतो. मग मेंढरं कुठं न्यायची, उरलेल्या तुकड्यावर सगळेच वाडे, गवत मुळापासून जातं आणि लोक म्हणतात धनगरांनी माळ खाल्ला.

लांडग्याचं विचाराल तर हो, नेतो तो. वर्षाला दोनतीन कोकरं जातातच. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावली, कुत्री ठेवली, रात्री आळीपाळीनं जागलं तरी जातात. आज्जा म्हणायचा त्याचा वाटा त्याला, तो पण माळाचाच. वडील तेवढं म्हणत नाहीत, ते चिडतात, कारण एक कोकरू म्हंजे आता दहा हजाराची गोष्ट. सरकार भरपाई देतं पण ४८ तासांच्या आत कळवायला लागतं, मेलेलं जनावर जागेवर ठेवायचं, पंचनामा व्हायचा, फोटो लागतो. आमचा वाडा सकाळी हलतो हो. मेलेल्या कोकरासाठी दीडशे मेंढरं उपाशी कशी थांबवायची. आणि लांडगा कोकरू उचलून नेतो, दाखवायला राहतं काय. आत्तापर्यंत आम्हाला एकदाच पैसे मिळालेत, ते पण एका भल्या वनरक्षकानं स्वतः बाइकवर येऊन सगळे कागद केले म्हणून.

ज्याला लांडगा वाचवायचाय त्यानं आधी मेंढक्याची भरपाई वेळेत मिळवून द्यावी. नाहीतर कुणीतरी चिडून मेलेल्या शेळीवर विषारी औषध टाकतंच. झालेलं आहे असं, खोटं नाही सांगत.

पहाट_पक्षी

मेंढका, लिहीत राहा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मेंढरांशिवाय माळ पण नीट राहत नाही हे इथल्या किती जणांना माहीत असेल. चराई अजिबात बंद केली की गवत जून होऊन आडवं पडतं, झुडपं वाढतात, आणि फेब्रुवारीत एक काडी पडली की वणवा.

पशुवैद्य_दौंड

मी कुत्र्यांबद्दल लिहिते कारण त्यावर कुणीच बोललेलं नाही आणि माझ्या मते येत्या काही वर्षांत लांडग्याला सगळ्यात मोठा धोका जेसीबीचा नाही तर कुत्र्यांचा आहे. आमच्या भागात पोल्ट्री भरपूर. मेलेल्या कोंबड्या पुरायच्या असतात, पण रात्री पोत्यात भरून माळावर किंवा ओढ्यात टाकल्या जातात, हायवेवरच्या धाब्यांचं उरलंसुरलं पण तिथेच. त्यावर कुत्री पोसली जातात, वीस वीसच्या टोळ्या मी बघितल्यात. ती टोळी चिंकाराच्या पिल्लाला दमवून मारते, खायला पण नाही, नुसतं मारते. त्याच उकिरड्यावर रात्री लांडगे, तरस, खोकड पण येतात. मग डिस्टेंपर, रेबीज, पार्व्हो असे कुत्र्यांचे रोग सगळे इकडून तिकडे. २०१८ ला गीरमध्ये वीसेक सिंह मेले त्यात हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. सिंह मेले म्हणून बातमी झाली, माळावर लांडग्याचं एक अख्खं कुटुंब संपलं तर कुणाला कळणार?

दुसरं म्हणजे संकर. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच पिवळट रंगाचे लांडगे दिसले होते, त्यांच्या केसांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ मध्ये सिद्ध झालं की कुत्रा आणि लांडगा यांचा संकर आहे, देशात पहिल्यांदाच असा पुरावा मिळाला. लांडग्यांची संख्या कमी झाली, जोडीदार मिळेना, आजूबाजूला कुत्रीच कुत्री, तर दुसरं काय होणार.

कर्वेनगर ताई, तुमच्या सोसायटीकडे पैसे आहेत ना? त्याच गावातल्या आणि वाड्यांवरच्या कुत्र्यांना लस द्यायला लावा. एका दिवसात शंभर कुत्री होतात, मी येते, माझ्या वेळेचे पैसे नकोत.

निवृत्त_अभियंता

मी कालपासून हे सगळं दोनदा वाचलं. मेंढका यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. माझा विरोध मागे घेतो. फक्त एक म्हणणं आहे, ज्यांना हाताने झाड लावायचंय त्या लोकांना नुसतं "नको" म्हणू नका, त्यांना दुसरी जागा द्या. आमच्या भागात रस्ता रुंदीकरणात गेलेली वडाची झाडं मी मोजलीत, एकाच्याही जागी दुसरं आलं नाही. तिथे लावा, नाल्याच्या काठी लावा, शाळेच्या आवारात लावा. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब, बहावा. पाणी घालायला आम्ही म्हातारे आहोतच.

वेताळ_टेकडी_रोज

+१ काका. आणि टेकडीवर लावायचंच असेल तर गिरिपुष्प काढण्याच्या कामाला या, ते लावण्यापेक्षा जास्त घाम काढतं.

कॅमेरा_आणि_बाइक

मी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला दोनदा गेलोय. वनखात्याने २०२४ ला तिथे आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, ऑनलाइन बुकिंग, गावातलेच गाइड, ठरलेल्या रस्त्यावरूनच गाडी. मला आवडलं, कारण त्यातले पैसे गावात जातात आणि आमच्या गाइडच्या डोळ्यात "हा आमचा लांडगा" असा अभिमान होता. भिगवणला रोहित बघायला अख्खं पुणे जातं, तिथून कडबनवाडी फार लांब नाही, कुणी वळत नाही.

पण आमच्या फोटोग्राफर लोकांना पण सांगायचंय. सासवडकडे थंडीत काय चालतं ते मी बघितलंय, बिळासमोर चार चार गाड्या, माळावरून वाटेल तशा घातलेल्या, पिल्लं बाहेर यावीत म्हणून दगड मारणारा माणूस मी स्वतः बघितला आणि तेव्हा मी काही बोललो नाही याची आजही लाज वाटते. बिळाजवळ फार वर्दळ झाली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, त्यात पिल्लू कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. कृपया लोकेशन टाकू नका, या धाग्यावर पण नको. असं काही दिसलं तर १९२६ वर हॅलो फॉरेस्टला फोन करा.

कर्वेनगरवाली

तुमचं बरोबर आहे, मी वर गावाचं नाव लिहिलं नाही ते बरंच झालं.

कर्वेनगरवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, घरी आजारपण होतं. मीटिंग झाली. दोन तास चालली, आमच्याकडे पाण्याच्या टँकरवर पण एवढा वेळ चर्चा होत नाही. मी माझा डिसेंबरातला चिंकाराचा फोटो आणि माझ्याच हाताने लावलेल्या सात रोपांच्या खड्ड्यांचा फोटो शेजारी शेजारी दाखवला. आधी सगळे गप्प, मग सेक्रेटरी म्हणाले की पण आपण सांगून बसलोय, पैसे गोळा झालेत. एका काकूंनी विचारलं की लांडगे आहेत हे कळल्यावर लोक घाबरून मारणार नाहीत का, त्यावर मला नीट उत्तर देता आलं नाही, मी मेंढका यांचा प्रतिसादच वाचून दाखवला.

ठरलं ते असं. जेसीबी रद्द. २०० रोपं आमच्या मागच्या नाल्याच्या काठी आणि दोन शाळांत. कुत्र्यांच्या लसीकरणासाठी वेगळे पैसे काढलेत, पशुवैद्य ताई तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, गावच्या सरपंचांशी बोलणं चालू आहे. पण सगळं जमलं असं नाही. कमिटीतल्या तिघांना पटलं नाही, ते दुसऱ्या एका ग्रुपबरोबर जुलैमध्ये त्याच बाजूला झाडं लावायला जाणार आहेत, जागा अजून ठरायचीय. मी त्यांच्याशी रोज बोलतेय. त्यातल्या एकांना पक्षी आवडतात, त्यांना पहाट_पक्षी तुमच्याबरोबर एका रविवारी पाठवू का?

पहाट_पक्षी

पाठवा. या रविवारीच. चंडोलाचं गाणं आत्ता जोरात आहे, नर हवेत उभा वर जाऊन गातो, पाच मिनिटं ऐकलं की माणूस तिथे खड्डा घ्यायला तयार होत नाही.

मेंढका

ताई, तुम्ही माझं वाचून दाखवलं हे वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांना आधी समजलंच नाही की पुण्यातले लोक बसून मेंढरांबद्दल का बोलत होते.

वाडा परवा घाटावर आला. पहिला पाऊस झालाय, अजून माळ पिवळाच दिसतो पण बसून बघितलं तर बुडाला कोंब आलेत. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला विचारा, लोक लांडग्याला घाबरत नाहीत हो आमच्याकडं, नुकसानीला घाबरतात. कुणाला बघायचं असेल तर आत्ता नको, चिखलात गाडी रुतते. दसऱ्यानंतर या, वाडा निघायच्या आधी. गवत तेव्हा गुडघ्याच्या वर असतं. पूर्ण पायाची पँट आणि बूट घाला, कुसळं मोज्यात शिरली की दिवसभर टोचतात, आणि गाडी डांबरी रस्त्यावर लावून पुढं चालत यायचं. कुत्री भुंकतील, मी असेन.